ना आमदार, ना मंत्री; तरी साने गुरुजींच्या शब्दाला एवढं वजन कुठून आलं?

मालेगावच्या अंगावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. उत्तरेला निघालात तर तासाभरात धुळं लागतं. दक्षिणेला निघालात तर दोनेक तासांत नाशिक. इंग्रजांच्या काळात या दोन्ही शहरांतल्या तुरुंगांत स्वातंत्र्यलढ्यातले कैदी ठेवले जायचे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात एक कैदी दर रविवारी दुसऱ्या कैद्याची प्रवचनं भराभर उतरवून घेत होता. प्रवचनं देणारे होते विनोबा भावे. त्या टिपणांमुळेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. पुढच्याच वर्षी तोच लिहिणारा कैदी नाशिकच्या तुरुंगात होता आणि आपल्या आईच्या आठवणी कागदावर उतरवत होता. त्यातून तयार झालं ‘श्यामची आई’.

त्या कैद्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

बहुतेकांना गुरुजी माहीत असतात ते ‘श्यामची आई’मुळे. शाळेत धडा असतो, पुस्तक वाचताना डोळ्यात पाणी येतं आणि गुरुजी म्हणजे हळवा, रडका माणूस अशी एक प्रतिमा डोक्यात बसते. पण याच हळव्या माणसाने १९४७ साली पंढरपुरात असं काही केलं, की शेकडो वर्षं बंद असलेलं एक दार उघडावं लागलं. हातात ना पोलीस, ना कोर्टाचा हुकूम, ना कुठलं सरकारी पद.

यालाच नैतिक अधिकार म्हणतात. हा शब्द आपण रोज ऐकतो. अमक्याला बोलण्याचा नैतिक अधिकार नाही, तमक्याने नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा द्यावा, वगैरे. पण हा अधिकार नेमका येतो कुठून? आणि तो खरंच जबरदस्तीपासून मोकळा असतो का? गुरुजींचं आयुष्य पाहिलं की या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. त्यातलं दुसरं उत्तर थोडं अडचणीचं आहे.

पालगडचा पांडुरंग

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. घराणं खोताचं, पण वैभव ओसरलेलं. वडील सदाशिवराव आणि आई यशोदा. घरात गरिबी होती आणि शिक्षणाची ओढही होती. दापोली, औंध, पुणे असं करत, कधी अर्धपोटी राहून या मुलाने शिक्षण पूर्ण केलं. १९१७ साली आई गेली. तेव्हा ते शिकतच होते. ती जखम आयुष्यभर ओली राहिली.

एम.ए. झाल्यावर ते खानदेशात अमळनेरला आले. आधी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास केला आणि १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. कोकणात जन्मलेला हा माणूस पुढे खानदेशचाच होऊन गेला.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता वसतिगृहाचा प्रमुख म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? शिट्टी, हजेरी, दंड, दम. गुरुजींनी यातलं काही केलं नाही. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांतला पसारा आवरायचे. अंथरुणं नीट करायचे. मळके कपडे दिसले तर धुऊन टाकायचे. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढायचे. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे आणि त्यातून जगभरच्या गोष्टी मुलांपर्यंत पोचवायचे.

झालं असं, की मुलांनाच लाज वाटायला लागली. आपली खोली गुरुजी आवरतात हे कळल्यावर खोली घाण ठेवणं अवघड झालं. नियम कुठेच लिहिला नव्हता, पण तो पाळला जाऊ लागला.

गुरुजींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची पद्धत इथेच दिसते. समोरच्याने जे करावं असं वाटतं, त्याची किंमत आधी स्वतः मोजायची. मग बोलायचं. कधीकधी बोलायची गरजच उरत नाही.

नोकरी सोडली, तुरुंग पत्करला

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी कायमची नोकरी सोडली आणि लढ्यात उतरले. शिक्षा झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट तमिळ मुलखातल्या त्रिचनापल्लीचा.

त्रिचनापल्लीत देशभरातले कैदी होते. आपण एकाच देशासाठी तुरुंगात आलो, पण शेजारच्याची भाषा आपल्याला कळत नाही, ही गोष्ट गुरुजींना टोचली. पुढे त्यांनी तमिळमधल्या ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात यासाठी ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिचं मूळ या तुरुंगवासात आहे.

मग १९३२ मध्ये धुळे आणि १९३३ मध्ये नाशिक. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारीतल्या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झालं. १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. या पुस्तकाने गुरुजींना घराघरात नेलं. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनाही हा माणूस आपला वाटू लागला.

पण गुरुजी फक्त गोष्टी सांगत बसले नाहीत. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. एखाद्या खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. त्यासाठी गुरुजींनी खानदेशातली गावं पालथी घातली. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्याच काळात पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांची पिकं गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजी शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचंच होतं, बाळासाहेब खेर यांचं. म्हणजे गुरुजी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारकडे जाब मागत होते. विरोधकांवर तुटून पडायला फार काही लागत नाही. आपल्याच लोकांना अडचणीचा प्रश्न विचारायचा म्हटलं की जवळची माणसं दुरावतात. गुरुजींनी ती किंमतही मोजली.

काळारामाचं दार उघडलं नाही

पंढरपूरला जाण्याआधी नाशिक जिल्ह्यातच थोडं थांबावं लागेल. कारण मंदिरप्रवेशाची मोठी लढाई इथे आधीच झाली होती.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आणि स्थानिक पातळीवर खिंड लढवणारे दादासाहेब गायकवाड. ज्यांना देवळात येऊ दिलं जात नव्हतं, ती माणसं स्वतः दारात उभी राहिली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. हे एक-दोन दिवस चाललं नाही, पुढची काही वर्षं चाललं. तरी दार उघडलं नाही.

मालेगावहून मनमाडमार्गे गेलं की येवला लागतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. देवळाच्या दारात ताटकळत राहण्यापेक्षा शिक्षण, नोकरी, राजकीय हक्क यांच्यासाठी लढणं जास्त गरजेचं आहे, असं त्यांचं मत झालं होतं.

काळारामाची ही गोष्ट डोक्यात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

विठ्ठल सगळ्यांचा, मग पायरी कुणाची?

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात आत शिरण्याआधी नामदेव पायरी लागते. तिच्या जवळच संत चोखामेळा यांची समाधी आहे. चोखोबा चौदाव्या शतकातले. विठ्ठलाचे मोठे भक्त, पण जातीने महार. त्यामुळे त्यांना जिवंतपणी आत जाता आलं नाही आणि समाधीही बाहेरच राहिली. चोखोबांचे अभंग वारीत सगळे गायचे, पण त्यांच्या जातीच्या माणसाने विसाव्या शतकातही दर्शन घ्यायचं ते बाहेरूनच.

१९४६ साल संपत आलं होतं. स्वातंत्र्य दारात उभं होतं. गुरुजींना एकच गोष्ट छळत होती. देश मोकळा होणार आणि विठ्ठलाचं दार मात्र आपल्याच भावंडांसाठी बंद राहणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी उपोषणाचा निर्णय घेतला.

सेनापती बापटांसारख्या ज्येष्ठांनी त्यांना थांबवलं. आधी लोकांना सांगू, त्यांना विचार करायला वेळ देऊ, असा तो आग्रह होता. गुरुजींनी तो मानला. १९४७ च्या सुरुवातीपासून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. गावोगाव सभा, गाणी, संवाद. अनेक गावांनी या दौऱ्यात आपली देवळं आणि पाणवठे सगळ्यांसाठी खुले केले. काही ठिकाणी विरोधही झाला.

पंढरपूरचं दार मात्र बंदच राहिलं.

तनपुरे महाराजांचा मठ, मे महिना

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. वय ४७, तब्येत आधीच तोळामासा, त्यात मे महिन्याचा उन्हाळा.

सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. गाडगे महाराज आणि आचार्य अत्रे यांच्यासारखी माणसं गुरुजींच्या बाजूने उभी राहिली. पण सगळ्यात मोठा पेच आला तो गांधीजींकडून. त्यांनी उपोषण सोडायचा सल्ला दिला. ज्यांना गुरू मानलं, ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, तेच थांब म्हणत होते. गुरुजींनी नम्रपणे, पण ठामपणे उपोषण चालू ठेवलं.

दरम्यान दादासाहेब मावळणकर पंढरपूरला आले. मध्यवर्ती विधानसभेचे ते अध्यक्ष होते, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्यांशी त्यांनी बोलणी केली. दार उघडायला संमती मिळाली. कायदेशीर सोपस्कार बाकी होते, पण शब्द मिळाला होता. दहा दिवसांनी उपोषण सुटलं.

त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली, तेव्हा कलम १७ ने अस्पृश्यताच बेकायदा ठरवली.

आता अडचणीचा प्रश्न

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण दोन प्रश्न बाकी राहतात.

पहिला. उपोषण म्हणजे समजावणं की दबाव? समोरचा माणूस रोज थोडा थोडा मरतोय आणि त्याला वाचवायचं असेल तर तुम्ही हो म्हणायचं, ही एक प्रकारची सक्तीच नाही का? तेव्हाही ही टीका झाली होती आणि ती चूक म्हणून झटकून टाकता येत नाही. आजही उपोषणाला बसणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न विचारायला हवा.

गुरुजींच्या बाजूने एवढं सांगता येतं, की उपोषण ही त्यांची पहिली पायरी नव्हती. आधी चार महिने ते लोकांच्या दारात गेले होते. मागणी स्वतःसाठी नव्हती. गुरुजी जन्माने ब्राह्मण. त्यांना त्या देवळात कुणीच अडवलं नसतं. हिशेब मागत होते तो परक्यांकडे नाही, आपल्याच माणसांकडे. दबाव होता, हे खरंच. पण त्या दबावाचा सगळा भार ते स्वतःच्या अंगावर घेत होते.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. काळारामासमोर दलितांनी काही वर्षं लाठ्या खाल्ल्या, दार उघडलं नाही. पंढरपुरात एका ब्राह्मण माणसाने दहा दिवस अन्न सोडलं आणि दार उघडलं. मग नैतिक अधिकार नक्की कुणाकडे जास्त होता?

दोन्ही घटनांचा काळ वेगळा होता. १९३० मध्ये इंग्रजांचं राज्य पक्कं होतं, १९४७ मध्ये स्वातंत्र्य तोंडावर होतं. तोवर महाड, नाशिक, येवला घडलं होतं. बाबासाहेबांच्या चळवळीने समाजाला हलवून ठेवलं होतं. त्या पायावर गुरुजींचं उपोषण उभं होतं. तरी एक गोष्ट उरतेच. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं समाजाने ऐकलं नाही आणि आपल्यातल्याच एकाचं ऐकलं. म्हणजे नैतिक अधिकार फक्त बोलणाऱ्याच्या चारित्र्यावर ठरत नाही. ऐकणारे कुणाला माणूस मानतात, यावरही तो ठरतो.

म्हणूनच कायदा लागतो. गुरुजींसारखा माणूस दर गावात, दर पिढीत मिळत नाही. आणि कुणीतरी जीव पणाला लावेपर्यंत हक्काची वाट का पाहायची? कलम १७ कुणाच्याही मनाचा पाझर फुटायची वाट पाहत नाही. पण नुसत्या कायद्याने मन बदलत नाही, हेही आपण पाहतोच. दार उघडणं एक आणि आत आलेल्याला आपला मानणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाला गुरुजी लागतात.

शेवटची तीन वर्षं

स्वातंत्र्य मिळालं आणि सहा महिन्यांत, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी बोलणारा होता. गुरुजींचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी आपल्या समाजात हे विष वाढलं याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं. जबाबदारी झटकायला शंभर कारणं असताना त्यांनी ती अंगावर घेतली. आज नैतिक जबाबदारी हा शब्द प्रेसनोटमध्ये वापरतात, त्याच्या मागे कधीकाळी हे वजन होतं.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. १९४९ च्या पुण्यातल्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला. इस्लामी संस्कृतीवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. फाळणीच्या जखमा ताज्या असलेल्या त्या पिढीत, शेजाऱ्याचा धर्म आपुलकीने समजून घ्या, असं मराठी वाचकाला सांगणं सोपं नव्हतं.

पण आतून ते थकले होते. ज्या देशाचं स्वप्न पाहिलं तो हा नव्हे, ही निराशा वाढत गेली. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय फक्त ५० वर्षं. या मृत्यूला बलिदान म्हणून सजवायचं कारण नाही. सगळ्यांचं दुःख पोटात घालणाऱ्या माणसाच्या दुःखाला वेळेवर आधार मिळाला नाही, ही एक हळहळ आहे. आपण ज्यांना आदर्श म्हणतो त्यांच्यावर किती ओझं टाकतो, याचा विचार करायला लावणारी.

मालेगावात उरलेला एक शब्द

मालेगावचे समाजवादी नेते निहाल अहमद अनेकदा आमदार झाले, मंत्रीही झाले. २०१६ साली ते गेले. पण शहरात त्यांचा उल्लेख कधी नुसता झाला नाही. ते साथी निहाल अहमद.

हा ‘साथी’ शब्द सेवा दल आणि समाजवादी चळवळीतला. गुरुजी ज्या माणसांसोबत गावोगाव फिरले, त्यांच्या तोंडचा. त्यात साहेब नाही, सरकार नाही, भाग्यविधाता नाही. बरोबरीने चालणारा, एवढाच त्याचा अर्थ. यंत्रमागांच्या या शहरात मराठी आणि उर्दू शेजारी राहतात, आणि हा शब्द दोन्ही भाषांत तेवढ्याच सहज बसला.

निवडणूक आली की मालेगावच काय, सगळ्या महाराष्ट्रात फ्लेक्सवर आणि स्टेटसवर नैतिकतेच्या गप्पा सुरू होतात. तेव्हा गुरुजींच्या आयुष्यातून तीन साधे प्रश्न सोबत घेता येतील. हा माणूस जे मागतोय त्याची किंमत स्वतः मोजतोय का? तो स्वतःच्या लोकांना कधी अडचणीचं बोलला आहे का? आणि तो ज्यांच्यासाठी बोलतोय, त्यांचं आपण थेट ऐकलं आहे का?

पहिले दोन प्रश्न नेत्याला विचारायचे आहेत. तिसरा आपल्याला. काळारामाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी तो १९३० सालीच विचारला होता.